एक वाडगा, एक पळी

मी एक जुनी पळी आहे. किती जुनी, ते विचारू नका. माझी मूठ इतक्या वेळा बदलली, की पहिली कशी होती हे मलाच आठवत नाही. मित्रांनो, खरं सांगू का, मी फार दमले आहे. उकळत्या सुपात बुडी मारायची, वर यायचं, वाडग्यात रिकामं व्हायचं, की पुन्हा बुडी. सगळा जन्म यातच गेला. तुम्हाला निदान शाळा सुटल्यावर घरी तरी जाता येतं.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. घडवलं म्हणजे काय, बडव बडव बडवलं! मावशीने त्याच्यासमोर एक वाडगा ठेवून बजावलं होतं, "यात नूडल्स घातल्यावर जेवढं सूप मावेल, तेवढंच हिच्यात मावलं पाहिजे. थेंब कमी नको, थेंब जास्त नको." कारागीर वैतागला होता, पण माप त्याने बरोबर साधलं.

मावशी म्हणजे बसथांब्यासमोरच्या लहानशा खाणावळीची मालकीण. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण ड्रायव्हरपासून पोराबाळांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. खाणावळीत चार बाकं, एक चूल आणि खायला एकच पदार्थ, नूडल्सचं सूप. बस थांबली की अंग आंबलेले प्रवासी आत घुसायचे, आणि त्यांचा घास तोंडाजवळ जातो न जातो तोच ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागायचा. चव बघत बसायला मावशीला वेळच नसे. म्हणून तिने एक रीत घालून ठेवली होती. वाडग्याच्या तळाशी तिखट, मीठ आणि मसाल्याचं वाटण, दोन चमचे. त्यावर नूडल्स. त्यावर पातेल्यातलं अळणी सूप. "एक वाडगा, एक पळी!" असं ती मोठ्याने म्हणायची आणि मी वाडग्यात रिकामी व्हायचे. लोक खायचे, "बरं आहे" म्हणायचे आणि बसमध्ये चढायचे. मागे वळून कुणी बघत नसे.

एके दिवशी चष्मेवाला आला. हा गावोगाव चष्म्यांच्या फ्रेमा विकत हिंडायचा. बरोबर ही थोरली लोखंडी ट्रंक. हॉर्न वाजला, हा गडबडीने उठला, त्याचा धक्का मावशीच्या कोपराला लागला आणि मी खाली पडले. तेवढ्यात बाकावरची ट्रंक घसरली ती नेमकी माझ्यावर. आई गं! माझ्या पोटाला हा एवढा पोचा आला. चष्मेवाला बिचारा ओशाळला. "मावशी, तुम्हाला नवी पळी आणून देतो," असं म्हणू लागला. मावशी ओरडली, "अरे, पळ आधी! बस चुकेल!"

पोचा काढून आणायला मावशीला सवड मिळालीच नाही. आता माझ्यात सूप कमी मावायचं आणि वाडगा काठापासून बोटभर रिकामा राहायचा, पण गर्दीत ते कुणाच्या ध्यानात येणार? मात्र त्याच सुमारास लोक खाता खाता थबकायला लागले. "मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" असं म्हणू लागले. बसमध्ये झोपलेल्या पोरांना उठवून सूप प्यायला आणू लागले. चष्मेवालाही पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत वाडगा चाटूनपुसून गेला, मग त्याची वाट बदलली. मावशीची मान ताठ झाली. माझं पोट दुखायचं, पण कौतुक माझ्या मालकिणीचं होतं, म्हणून मीही खूश होते.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका आजारपणात मावशीचा उजवा हात लुळा पडला. ती गल्ल्यावर बसू लागली आणि चुलीपाशी सूनबाई आली. सूनबाई चटपटीत, पण सासूच्या शब्दाबाहेर न जाणारी. मुलाने मोठ्या हौसेने नवी पळी करून आणली, त्याच वाडग्याच्या मापाने. ती अशी चकचकीत, की तिच्यात तोंड पाहून घ्यावं. मला खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलं. मित्रांनो, पहिले काही दिवस मी अगदी सुखात होते. सुटले एकदाची, असं वाटलं.

पण खाली काहीतरी बिनसलं होतं. वाडगे काठोकाठ भरत होते आणि अर्धे तसेच परत येत होते. "पाणचट झालंय," लोक कुजबुजायचे. "मावशींच्या हाताची मजा नाही." ते मावशीच्या कानावर जायचं आणि ती सूनबाईवर घसरायची.

"दोन चमचे घालतेस ना? का हात आखडता घेतेस?"

"दोनच घालते हो आई. तुमची शपथ."

एकदा त्या पोरीने धीर करून तिसरा चमचा उचलला, तर मावशीने गल्ल्यावरूनच आवाज चढवला, "माझं प्रमाण मोडायचं नाही!" सूनबाईने चमचा खाली ठेवला आणि वाफ लागल्यासारखं करून डोळे पुसले. मला वरून सगळं दिसत होतं. कळतही होतं. पण पळीला कुठे तोंड असतं?

हळूहळू बसगाड्या पुढच्या खाणावळीपाशी थांबू लागल्या. शेवटी मावशी मुलाला म्हणाली, "पुढच्या महिन्यात बंद करू या. हिच्या हाताला चवच नाही, त्याला कोण काय करणार?" सूनबाई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि भांडी घासायला बसली. माझ्या अंगावर धूळ साचली होती, तरी मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

आणि एका दुपारी चष्मेवाला आला. केस पिकलेले, ट्रंक तीच. इतक्या वर्षांनी त्याचा धंदा त्याला पुन्हा या वाटेने घेऊन आला होता. त्याने सूप मागवलं, दोन घोट घेतले आणि वाडगा खाली ठेवला. सूनबाईचा चेहरा एवढासा झाला. तिला बरं वाटावं म्हणून तो हसून म्हणाला, "मी एका पळीला पोचा पाडला होता. ती आहे का हो अजून?"

सूनबाईने मला खिळ्यावरून काढलं आणि खसाखसा धुतलं. त्याची गंमत म्हणून तिने दुसरा वाडगा माझ्यानेच वाढला. वाडगा अर्थातच काठापर्यंत भरला नाही. ती आणखी ओतणार, तोच गल्ल्यावरून सवयीने आवाज आला, "एक वाडगा, एक पळी!"

चष्मेवाल्याने घोट घेतला. मग दुसरा. मग वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. "अहो, हेच! हेच सूप!"

सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. तिने नवी पळी पाण्याने भरली आणि ते पाणी माझ्यात ओतलं. मी भरले, पाणी बाहेर सांडलं, ओट्यावरून खाली ठिबकू लागलं. "वाटण तेवढंच, पण सूप कमी!" ती पुटपुटली. मावशी उठून जवळ आली. तिने डाव्या हाताने माझा पोचा चाचपला.

"म्हणजे चव माझ्या हातालासुद्धा नव्हती," ती म्हणाली.

"तसं बघितलं तर मावशी," चष्मेवाला म्हणाला, "चव माझ्या ट्रंकेला आहे."

सूनबाईला हसू आवरेना. मग मावशीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता तिने सुनेचा हात धरला. "मी तुला नाही नाही ते बोलले गं. चुकलंच माझं."

तर मित्रांनो, माझी विश्रांती संपली. बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही, बसगाड्या पुन्हा दारात थांबतात आणि मी पुन्हा बुड्या मारते. दांड्याचा खिळा सैल झालाय, प्रत्येक वाडग्याला कुरकुरतो. मुलगा एकदा पोचा ठोकून काढायला निघाला होता, तर सासू-सुना एकदमच ओरडल्या, "हात लावू नकोस!" तुमच्याही घरात असं काहीतरी जुनं, वाकडं खिळ्याला लटकत असेल. त्याला भंगारात घालण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. आणि घासताना पोच्यावर तारेची घासणी जरा हळू फिरवा, तिथे दुखतं.

काल एक प्रवासी बसकडे पळता पळता मागे वळला आणि म्हणाला, "सूनबाई, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" सूनबाई गोंधळली. तिने गल्ल्याकडे बघितलं.

मावशीने मान वर केली नाही. "आहेच मुळी," ती म्हणाली.

मी गप्प राहिले. तुम्हीही कुणाला सांगू नका.