झबल्याची ताडपत्री

मित्रांनो, मी शिवणाच्या डब्यातली एक जुनी कात्री आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

माझ्या बाई कपडे शिवायच्या. लेकीचं पहिलं झबलं त्यांनी मऊ मलमलीचं शिवलं. ते मीच कापलं होतं. पुढे नातवंडासाठी म्हणून त्यांनी ते ट्रंकेत जपून ठेवलं.

त्यांचे यजमान निवृत्त ट्रकचालक. फौजी गाड्यांच्या चिमुकल्या प्रतिकृती करायचा त्यांना भारी नाद. सामान सगळं घरातलंच. पातळ कागदाची घोंगडी, औषधाच्या खोक्याचे पट्टे. ताडपत्री मात्र जमेना. जाड कापडाला एवढ्याशा ट्रकवर चुण्याच पडत नव्हत्या. एका दुपारी बाई बाहेर गेल्या, तेव्हा यजमानांनी ट्रंक उघडली आणि ते झबलं माझ्या पात्यांत धरलं. स्पर्श ओळखीचा होता. तरी मी सरसर चालले.

तुकडा चहाच्या पाण्यात रंगवला, पातळ डिंकात भिजवला, टाचणीने एकेक चुणी बसवली. वाळल्यावर हुबेहूब ताडपत्री झाली. बघणारे तोंडात बोटं घालत. मीही फुशारून गेले.

मग लेकीला मुलगी झाल्याची बातमी आली आणि बाई झबलं शोधू लागल्या. कपाटं उपसली, गाद्या उलटल्या.

“हल्ली माझं डोकंच ठिकाणावर नसतं,” त्या म्हणत.

“सापडेल गं,” यजमान वर्तमानपत्रात तोंड खुपसून सांगत.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, “मला डॉक्टरांना दाखवायला हवं.”

तेव्हा कुठे यजमान उठले. ट्रक आणून त्यांच्यापुढे ठेवला. “झबलं हे आहे.”

बाईंनी ताडपत्रीची कड उलटली. स्वतःची बारीक टीप त्यांना दिसली.

“कापलंत ते कापलंत,” त्या म्हणाल्या. “पण तीन दिवस मी स्वतःला वेडी ठरवत होते आणि तुम्ही ऐकत बसलात.”



संध्याकाळी बाईंनी नवी मलमल आणून खुणा केल्या आणि मला यजमानांच्या हातात दिलं. “कापा.” खुणेवरून कापायची त्यांना सवय नव्हती. बाईंनी ते तसंच शिवलं, म्हणून झबलं जरा वाकडंच झालं. नातीला ते छान बसलं, पण बाई बरेच दिवस यजमानांशी कामापुरतंच बोलत होत्या.

मित्रांनो, मला कुणी कशावर धरलं तर नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारा. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा. तीन दिवस फार होतात.