लिनक्स काढणार नाही

चिमी चाळिशीला आली तरी घरात चिमीच होती, आणि हट्ट तर पाळण्यातलाच. नकाशे काढायचं तिचं काम घरूनच चाले, आईला सांभाळून. आता ऑफिसने फर्मान काढलं होतं: आजच्या बैठकीत घरून नीट दिसलात, बोललात तर ठीक, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळा आणि मुख्य कचेरीत या. त्यासाठीच गच्चीवर सॅटेलाइट इंटरनेटची डिश बसवली होती. काल चालली, आज ठप्प!

डिशच्या कंपनीचा माणूस आला, खुर्चीत बसला आणि स्क्रीन बघून त्याने नाक मुरडलं.

"लिनक्स? मग कसं चालेल, ताई! विंडोज टाका, मग बोलवा."

"काल याच्यावरच चाललं होतं."

"नशीब म्हणायचं."

चिमीचं डोकंच सणकलं. "नशीब? हे बघा, मोडेमचं पान उघडतंय. म्हणजे माझा कॉम्प्युटर मोडेमशी नीट बोलतोय. तुमचा मोडेमच सिग्नल शून्य म्हणतोय, त्यालाच आकाश दिसत नाहीये. वर चढा."

"त्याचा काही उपयोग नाही, ताई..."

"लिनक्स मी काढणार नाही. आणि गच्ची बघितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही." ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

वर जाऊन बघतात तो काय! डिशला झालरीसकट चंदेरी कव्हर. आईचीच शिलाई. या घरात मिक्सर, रेडिओ, रिमोट, कशालाच उघडं राहायची मुभा नव्हती. कापड होतं गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात ते चकचकीत. त्यातून सिग्नल काय कपाळ येणार!

"ऊन लागत होतं गं त्याला," मागून आलेली आई पुटपुटली. "तू जाऊ नयेस म्हणून जपायला गेले, आणि मीच घात केला."

चिमीला हसू आलं आणि भरूनही आलं. "घात कसला! लिनक्सवरचा आळ तर टळला." कंपनीचा माणूस कव्हरच्या नाड्या सोडू लागला.

बैठक लागली. साहेबांचा आवाज आकाशातून फिरून जरा उशिरा पोचत होता.

"दिसताय छान! पण हे असं किती दिवस? इकडेच या ना कायमच्या. कधी येताय?"

दाराच्या पडद्याआडून आईने डोकं बाहेर काढलं.

"येत नाही," चिमी म्हणाली.

उत्तर वर जाऊन खाली पोचेपर्यंत साहेब हसतच होते.