पाचवं नाव

शुक्रवारी दुपारी दोन वाजता अर्ज घेणं बंद होणार होतं आणि लोरांड बार्ता पावणेदोनलाच शाळेच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. पिरोश्काबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"फिजिक्सचे चार आलेत, बार्ता सर."

"पाच असतील. नीट बघा."

"चारपर्यंत मोजायला फिजिक्स लागत नाही हो," म्हणत त्यांनी गठ्ठाच त्याच्यापुढे सरकवला.

शेवटच्या वर्षाला जाणाऱ्या मुलांनी मे महिन्यात दोन विषय निवडायचे, ते वर्षभर वरच्या पातळीवर शिकायचे आणि त्यांच्याच जोरावर विद्यापीठात जायचं, अशी तिथली पद्धत. पाच अर्ज आले तर वर्ग भरणार, नाहीतर नाही. तिसा नदीकाठच्या त्या लहानशा गावात फिजिक्सला पाच मुलं मिळवताना दरवर्षी लोरांडच्या नाकीनऊ येत. एप्रिल लागला की तो एकेकाच्या मागे लागायचा, आयांना फोन करायचा. यंदा मात्र गडी निवांत होता. चार मुलं तयार होती आणि पाचवी त्याच्या घरातच राहत होती. बोरोकाला, पोटच्या पोरीला, विचारायचं असतं हेही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिचा अर्ज त्याला जर्मनच्या गठ्ठ्यात सापडला. जर्मन आणि जीवशास्त्र. खाली पालकाची सही होती, युदितची. स्वतःच्या बायकोची सही तो दोनदा वाचत राहिला.

"तो गेर्गो पण कोरा अर्ज घेऊन गेला होता," पिरोश्काबाई म्हणाल्या. "परत नाही आणून दिला. तुम्ही वर्गात काहीतरी बोललात म्हणे त्याला."

बोलला होता खरा. मोटारसायकली उघडून बसणारा तो पोरगा, पाचपैकी कायम तीन मिळवणारा. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं विचारलं, "सर, मी घेऊ का फिजिक्स?" आणि लोरांडनं भर वर्गात सांगितलं होतं, "हा वर्ग पाचवाल्यांचा आहे. बाकीच्यांनी माझा आणि स्वतःचा वेळ घालवू नये." सगळे हसले. गेर्गोसुद्धा हसला. दुसऱ्या बाकावर कोण बसलंय हे लोरांडनं पाहिलं नव्हतं.

दोन वाजले. पिरोश्काबाईंनी शिक्का काढला. त्या चौघांना आता गणिताच्या वर्गात पाठवतील, त्या सांगत होत्या, पण लोरांडला पुढचं काही ऐकू आलं नाही.

घरी युदित बाल्कनीत बसून केसातल्या पिनेनं चेरीच्या बिया काढत होती. कोपरापर्यंत हात लाल झालेले.

"तुला माहीत होतं?"

"सही मीच केली ना."

"आणि मला बोलली नाहीस?"

"ती तीन आठवडे वाट बघत होती, तू विचारशील म्हणून. रोज जेवताना तुझ्या तोंडाकडे बघायची. तू आपला त्या चार पोरांची कौतुकं सांगत होतास." तिनं एक बी ताटलीत टाकली. "आज सकाळी अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी काय सांगणार होते तिला? बाबाच्या मनात तुझ्याबद्दल काय आहे, ते मलाच कुठे ठाऊक होतं?"

त्याच्या मनात काय होतं ते त्यानं एका निळ्या वहीत लिहून ठेवलं होतं, आणि इथेच त्याचं सगळं गणित चुकलं. तीन वर्षांपूर्वी बोरोका त्याच्या वर्गात आली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी सहज म्हणालं होतं, "आता काय, बार्तांच्या घरी पाचांचं पीक येणार." चहाबरोबर विसरून जावी एवढीच ती गोष्ट. पण लोरांड पडला मानी. त्या दिवसापासून त्यानं मुलीला पाच दिले नाहीत. तिला चार द्यायचे आणि खरा आकडा घरी येऊन वहीत लिहायचा, असं त्यानं ठरवून टाकलं. आपण फार मोठा न्याय करतोय असं त्याला वाटायचं. दर पेपरानंतर युदितच्या फोनवर शाळेचा निरोप यायचा: फिजिक्स, चार. युदित म्हणायची, चांगलेच आहेत की.

पाचच्या सुमाराला ती नदीवरून वल्हवण्याचा सराव करून आली. केस ओले, तळहातांना घट्टे. बाल्कनीच्या दारात उभी राहून तिनं मूठभर चेऱ्या उचलल्या.

"फिजिक्स का नाही घेतलंस?" लोरांडनं विचारलं.

"चारवालीनं काय करायचं तिथे?"

"ते मी गेर्गोला म्हणालो. तुझा काय संबंध?"

"बाबा, तू बोललास ते सगळ्या वर्गाला ऐकू आलं. मी काय बाहेर उभी होते?"

"मी सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंकडे जातो. माझा शब्द त्या मोडणार नाहीत. तू फक्त नवा अर्ज भर."

बोरोकानं चेरीची बी ताटलीत टाकली. "तुला पाचवं नाव पाहिजे, म्हणून."

"तसं नाहीये."

"मग काल का नाही विचारलंस? परवा का नाही?"

तो आत गेला आणि कपाटातून ती निळी वही घेऊन आला. ती त्यानं तिच्या हातात दिली. "हे बघ. तारखेवार आहेत. तीन वर्षांचे खरे मार्क. सगळे पाच. लोकांनी काही म्हणू नये म्हणून मी तुला..."

बोरोकानं हात चड्डीला पुसले आणि उभ्यानंच वही चाळली. युदितच्या हातातली पीन थांबली.

"म्हणजे तुला माहीत होतं," बोरोका म्हणाली.

"हो."

"नाताळच्या आधी मी बाथरूममध्ये रडत होते. तू दाराबाहेरून म्हणालास, अजून थोडा जोर लाव. तेव्हा पण माहीत होतं."

"हो."

"आणि लोक? लोक काय म्हणाले मग?"

"काही नाही."

"काय म्हणणार? चारच तर होते."

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, पण ती पानं उलटत राहिली आणि मार्चच्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हा चुकलाय."

"कुठला?"

"दोलनांचा पेपर. शेवटच्या गणितात मी उणे चिन्ह विसरले होते. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं. म्हटलं, या वेळी खरे चार मिळणार, बाबा बरोबर पकडणार. मला बरंच वाटत होतं, वेड्यासारखं. निदान तू काय पकडलंस ते तरी दिसेल." तिनं वही मिटली. "पेपर बघायला दिलेस तेव्हा मी आधी तीच जागा शोधली. तिथे खूणच नव्हती. वर नुसते चार. तेव्हा कळलं मला, तू माझा पेपर वाचतच नाहीस."

"बोरोका..."

"गेर्गोच्या पेपरात तू समासात इतकं लिहितोस की त्याचं अक्षर दिसत नाही. तीन मिळवतो तो, तरी." तिनं वही हलकेच चेरीच्या पातेल्याशेजारी ठेवली. "जर्मन मला आवडत नाही एवढं. पण गाबोरबाई माझे निबंध वाचतात."

ती आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नेहमीसारखं लावून घेतलं.

वर्षाचे पेपर जूनपर्यंत जपून ठेवायचे असतात. लोरांडनं कपाटातला गठ्ठा काढला, सुतळी सोडली आणि जेवणाच्या टेबलाशी बसून मार्चचा पेपर शोधला. शेवटचं गणित. तिचं नीटस, उजवीकडे झुकलेलं अक्षर, आणि चौथ्या ओळीत जिथे उणे पाहिजे तिथे काहीच नाही. पोरीचं बरोबर होतं. वहीत त्यानं पाच लिहिले होते, पेपरवर चार, आणि मधलं काहीच वाचलं नव्हतं. त्यानं दुसरा पेपर काढला, मग तिसरा. वरचे चार सोडले तर कशावरही लाल शाईचा एक ठिपका नव्हता.

युदित येऊन त्याच्या मागे उभी राहिली. खांद्यावर हात मात्र ठेवला नाही.

त्यानं खिशातून लाल पेन काढलं, पहिला पेपर समोर घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. बंद दाराआडून बोरोका जर्मन शब्द पाठ करत होती, एकेक शब्द तीन-तीनदा.