मुंडक्याची ओळखपरेड

मी महावीर ओनिझुका बोलतोय! एका हाताने पूल उपटणारा, दोन हातांनी अस्वल पिळणारा! म्हणजे, हात नाहीत मला. धडही नाही. मी त्याचं नुसतं मुंडकं, तेही लाकडी.

आमचं काबुकी नाटक पाच अंकी. ओनिझुका पहिल्या अंकात मरतो, आणि डब्यात घालून आणलेलं कापलेलं मुंडकं त्याचंच का, यावर बाकीचे वीर पुढचे चार अंक भांडतात. शेवटी सेनापती झाकण उचलतो, बराच वेळ बघतो आणि गरजतो, "हाच तो!" तोवर ओसाकाचे प्रेक्षक जेवून घोरत असतात. म्हणून हे नाटक सहसा कुणी लावत नाही.

आमच्यात रीत अशी, की मरणाऱ्या नटाच्याच चेहऱ्यावरून मुंडकं कोरायचं. तेव्हा ओनिझुका करायचा तोमेनोसुके. तरणाबांड, गालावर तीळ, नाक कायम वर. कोरणाऱ्याने सगळं माझ्यावर उतरवलं. पहिल्या अंकात मेला की हा पठ्ठ्या घरी जाऊन भाजलेली वाम खायचा, आणि इथे त्याच्या वाट्याच्या दोन-चार टाळ्या मी खायचो.

मग नाटक बंद पडलं. कोठीत सामानवाला किसाकू माझ्यावर नटांचे ओले केसांचे टोप वाळवायचा. डावा कान उंदरांनी नेला. गोड लागला असावा, उजव्यासाठीही येऊन गेले.

यंदा नाट्यगृहवाल्यांना ते पुन्हा लावायची हुक्की आली. तोमेनोसुके आता म्हातारा, हनुवटीखाली आणखी दोन हनुवट्या. पण त्याचा हट्ट बघा, म्हणे: मरणारा ओनिझुकाही मीच, आणि त्याचं मुंडकं ओळखणारा सेनापतीही मीच!

तालमीला त्याने झाकण उचललं आणि किंचाळला, "हा कोण?"

"तुम्हीच, मालक," किसाकू म्हणाला.

"मी? मी तेव्हा होतो तस्साच आहे! कोरणाऱ्यानेच घोळ घातलाय. नवं करा, हे शेकोटीत टाका."

"आरसा आणू का, मालक?"

"जीभ आवर!"

तेवढ्यात त्याची बायको ओसेत्सु जेवणाचा डबा घेऊन आली.

"अगं, तूच सांग. तू मला तेव्हापासून बघतेयस. हा मी आहे का? नाही म्हण, की चालला जाळात."

लोकहो, तुम्ही तरी एक शब्द टाका हो माझ्यासाठी! मला पळायला पायही नाहीत.

ओसेत्सुने जेवणाचा डबा बाजूला ठेवला. नाटकातल्या सेनापतीसारखी गुडघे मुडपून माझ्यापुढे बसली. मी पापणी हलवली नाही. एरवीही हलत नाही, पण या वेळी मुद्दाम. तिने बाहीने माझा तीळ पुसला, नवऱ्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"हाच तो," ती म्हणाली.

"मग मी कोण?" तोमेनोसुके गरजला.

"कोण जाणे! हा पहिल्या अंकात मेला की वेळेवर घरी यायचा."