हात लागला की गप्प

आमच्या बेटांवर माणूस मेला की त्याला लगेच निरोप देत नाहीत. पुरतात, रडतात आणि मग वाट बघतात. मुख्य भूमीवरच्या केर्न्स शहरातून बोटीने दगड येतो, कबरीवर बसतो, त्याला रंगीत कापडं गुंडाळतात. सगळ्या बेटांवरची माणसं जमली की ती कापडं उतरवायची. त्या दिवशी रडणं संपतं आणि नाचगाणं सुरू होतं. तोवर मेलेला माणूस निम्मा घरातच असतो.

आणि या सगळ्याची हमाली त्याच्या सासुरवाडीकडे. घरच्यांनी नुसतं बसायचं, बायकोकडच्यांनी राबायचं, असा आमचा रिवाज. म्हणजे माझी बहीण डॉर्कस बसलेली आणि मी, तिचा थोरला भाऊ, मेजवानीच्या कासवापासून कबरीच्या कापडापर्यंत सगळ्यासाठी धावतोय. मेल्यावरही एनॉसने मला कामाला लावलं. जिवंतपणी तरी काय वेगळं होतं म्हणा. तो गिटार वाजवायचा, मी त्याच्यामागे बास गिटार. मेहुणा कमी आणि मित्रच जास्त. फार आठवण येते त्याची, उगाच कशाला लपवू?

दगड उघडायच्या आठवड्यात त्याची मुलगी तालिता टाऊन्सविलहून आली. तिथे नर्सिंग शिकते. बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "मामा, शनिवारी नाचाला मी बाबाची गिटार वाजवणार."

 डॉर्कस आत गेली आणि पलंगाखालून गिटार घेऊन आली. एनॉसच्या निळ्या शर्टात गुंडाळलेली. तो शर्ट मी ओळखला. शेवटच्या खेपेला हाच घालून तो खेकडे धरायला समुद्रात गेला होता, आणि तिथून परत आला तो शर्ट घरी टाकून थेट दवाखान्याच्या विमानातच चढला. परत आली ती शवपेटीच. शर्ट डॉर्कसने धुतला नव्हता. तिने तो जरा वेळ नाकाशी धरला आणि मग बाजूला ठेवला.

आता त्या गिटारीची खोड सांगितली पाहिजे. एनॉस संध्याकाळी ओट्यावर खोक्यावर बसायचा, गिटार मांडीवर घ्यायचा, तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प चालू करायचा. की लगेच घूंऽऽ. भला मोठा भुंगा डब्यात कोंडल्यासारखं ते घुमणं घरभर भरायचं. मग तो तारांवर हात ठेवायचा आणि सगळं गप्प. आतून डॉर्कस ओरडायची, "चहा टाकू का?" तो तोंडाने कधीच उत्तर द्यायचा नाही. जाड तार एकदा छेडायचा, ढँव. म्हणजे हो. मग ती किटली ठेवायची. लग्न झाल्यापासून रोज हेच.

"एवढी कोकलते ती, नीट करून घे की," ती म्हणायची.

"मी जवळ घेऊन हात लावला नाही तर ती ओरडते," एनॉस म्हणायचा. "तू ओरडतेस का कधी माझ्यासाठी?"

"तुझ्यावर ओरडते, ते पुरे नाही?"

तालिता त्याच खोक्यावर बसली. मी ॲम्प जोडला. घूंऽऽ. स्वयंपाकघराच्या दारात डॉर्कस येऊन उभी राहिली, आपलेच दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून. तालिताने तारांवर हात ठेवला.

घूंऽऽ. काही फरक नाही.

तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. मी ठेवून पाहिला. गिटार आपली घुमतेय. डॉर्कस वळून आत निघून गेली. तिचा चेहरा मला दिसला, आणि नसता दिसला तर बरं झालं असतं.

शेजारचा नेफ्ताली काका कुंपणापलीकडे मेजवानीसाठी केळीची पानं साफ करत होता. आमच्या बेटावर सल्ला द्यायला कुणाला बोलवावं लागत नाही. "प्लगचा तिसरा पाय कापून टाक," तो म्हणाला. "सगळे बँडवाले तेच करतात. आवाज बंद."

"आणि माणूस पण बंद. नाताळला माईकला ओठ लागले तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये शॉक बसून कोण उडालं होतं, काका?"

"मीच. पण टाळ्या पडल्या ना!"

"बेटाच्या जनरेटरवर कुणी वीज जमिनीत नेणारा अर्थिंगचा पाय कापला तर त्याचाही दगड मलाच उघडावा लागेल. तुम्ही पानं साफ करा."

ॲम्प बंद करून मी गिटार मांडीवर उताणी घेतली, तारा सैल केल्या, स्क्रू काढले. बेटावरच्या गिटारी मीच दुरुस्त करतो, या कामात गुपित काही नाही. माणसाचं अंग आजूबाजूची वीज गोळा करतं आणि तीच ॲम्पमध्ये घुमते. तारांना हात लावला की ती तारांमधून, त्यांच्या खालच्या लोखंडी पट्टीतून, पट्टीला लावलेल्या बारीक वायरीतून जमिनीत जाते. म्हणून गप्प. पट्टी उचलली तर वायर नव्हतीच. होती ती तांबं गंजून झालेली हिरवी पूड. फुंकर मारली तर उडाली.

"कशाने झालं रे दादा?" डॉर्कस केव्हा मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

म्हणायचं होतं, जुनी झाली होती. पण माझ्या जिभेला हाड नाही. "शर्टाने. समुद्राचं मीठ ओल धरतं, डॉर्कस. दोन पावसाळे तू तिला खारवून ठेवलंस, मासा ठेवतात तशी."

ती खाली बसली. शर्ट मांडीवर घेतला आणि त्याच्या कॉलरवरून अंगठा फिरवत राहिली. माझ्या जिवाला नुसती टोचणी लागली.

"नवी वायर लावतो. दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो.

"नको."

"अगं, शनिवारी पोरीला वाजवायचीय."

"तुझ्या गिटारी आहेत ना घरी? त्यातली एक दे तिला. ही राहू दे अशीच." मग हळू आवाजात म्हणाली, "ती गप्प झाली म्हणजे तो बसलाय, एवढंच मला आतून कळायचं. बघायला यावं लागायचं नाही. आता तुझ्या हाताने गप्प होईल, हिच्या हाताने गप्प होईल. मी आत असेन आणि फसेन, दादा. क्षणभर फसेन. मग सगळं परत पहिल्यापासून रडायचं. माझ्यात नाही आता तेवढं."

 वायर कशी चालते ते मला सांगता येतं, पण तिने तर वायरीबद्दल विचारलंच नव्हतं.

तालिता आतापर्यंत नखं खात होती. बाप गेला तेव्हा तिची परीक्षा चालू होती. विमान मिळून ती आली तेव्हा शवपेटी बंद झालेली होती. पेटीवर हात ठेवून ती बसली होती, ते मी पाहिलंय.

"आई," ती म्हणाली, "मला फसायचंय. एकदाच."

डॉर्कसने तिच्याकडे पाहिलं.  नेफ्ताली काकानेसुद्धा पानं खाली ठेवली. मग डॉर्कस उठली, शर्ट खांद्यावर टाकला आणि आत जाता जाता म्हणाली, "त्याच्या डिंगीतली वायर घे. इंजिनाकडची. कल्हईची आहे, तिला मीठ खात नाही. दुसरी कुठली लावू नकोस."

डिंगी, म्हणजे त्याची छोटी होडी, माडाखाली उपडी पडली होती. तिच्या पोटात शिरून मी वीतभर वायर कापली. एनॉसने स्वतः ओढलेली, जागोजागी चिकटपट्टी मारलेली, बघून हसूच आलं. इतकं गचाळ काम तोच करू जाणे. हसता हसता तिथेच थोडं रडून घेतलं, वाळूत, कुणी बघत नव्हतं तोवर. परत आलो तर आत मोरीपाशी बादलीत निळा शर्ट भिजत घातलेला होता आणि डॉर्कस पाठमोरी उभी राहून रताळी सोलत होती.

वायरीचं एक टोक पट्टीखाली दाबलं, दुसरं आतल्या अर्थिंगच्या वायरीला सोल्डरने जोडलं, स्क्रू आवळले, तारा परत ताणल्या. तालिता खोक्यावर बसली. मी ॲम्प चालू केला.

घूंऽऽ.

तिचा हात तारांवर वीतभर उंच थांबला. ठेव, असं मी म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मलाही ती शांतता नको होती. जोवर ते घुमतंय तोवर वाटत होतं, आत्ता येईल, पाय पुसेल, बसेल. आतलं सोलणंही थांबलं होतं.

तालिताने हात ठेवला.

सगळं गप्प. माडाच्या झावळ्या ऐकू आल्या, लांबचा जनरेटर, किनाऱ्यावरचं पाणी. सोलण्याचा आवाज परत सुरू झाला, एकदा, दोनदा. आणि मग आतून, जरा वैतागलेल्या, रोजच्या आवाजात:

"चहा टाकू का?"

त्यानंतर आत सुरी खाली पडली.

तालिताने माझ्याकडे पाहिलं.  मी मान हलवायच्या आतच तिने अंगठ्याने जाड तार छेडली.

ढँव.

 आत नळ सुटला. मग किटली चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

डॉर्कस बाहेर आली ती एनॉसचा मोठा पत्र्याचा मग घेऊन.  डबाबंद दूध घातलेला, चमचा उभा राहील इतका गोड चहा, त्याला लागायचा तसा. तिने तो तालिताच्या हातात दिला. तालिता साखर घेत नाही. शाळेत असल्यापासून घेत नाही, आणि हे तिच्या आईला चांगलं ठाऊक आहे.

पोरगी तो मग दोन्ही हातांत धरून चहा शेवटपर्यंत प्यायली.

"साखर बरोबर आहे?" डॉर्कसने विचारलं.

"बरोबर आहे," तालिता म्हणाली आणि तळाशी उरलेली साखर बोटाने चाटून खाल्ली.