वरचे सहा सेकंद

"मेलो!" म्हणून घड्याळमास्तर स्टेडियमच्या दारातच थबकले, आणि मागून येणारी त्यांची बायको पाण्याच्या बाटल्यांसकट त्यांच्या पाठीवर आदळली.

"काय झालं? पोरीचे बूट विसरलात?"

"बूट कसले घेऊन बसलीस! ते बघ समोर!"

शर्यत संपते त्या रेषेला लागून कपाटाएवढं काळं यंत्र उभं होतं. त्यावर लाल आकडे भराभर पळत होते. कोणीतरी ते चालू-बंद करून पाहत होतं. एवढे मोठे आकडे, की सगळ्यात वरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही चष्म्याशिवाय दिसावेत.

"घड्याळ आहे. बरं मग?" बायको म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तिने हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. "अगं बाई! म्हणजे आज तिला दिसणार?"

"आज तिला दिसणार," मास्तर म्हणाले आणि तिथल्या पायरीवरच बसले.

एवढा धडधाकट माणूस घड्याळाला का घाबरला, ते आधी सांगायला हवं. मास्तरांची नोकरी वीज मंडळात, मीटर वाचण्याची. जिन्याखालच्या अंधारात वाकायचं, बॅटरी मारायची, कुत्र्यांना चुकवायचं आणि आकडा जसा असेल तसा उतरवायचा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. पण कामावर जाण्याआधी रोज पहाटे मैदानावर, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून, हाच माणूस बिनदिक्कत खोटे आकडे सांगायचा! भित्र्या पोराला दोन सेकंद कमी करून सांगायचा, म्हणजे त्याची छाती फुगावी. ज्याच्या डोक्यात हवा जाते त्याला दोन वाढवून सांगायचा, म्हणजे त्याने दात-ओठ खाऊन पुन्हा पळावं. मैदानावर दुसरं घड्याळ नव्हतं. आजवरच्या शर्यतीही तशाच मैदानांवर झालेल्या, तिथे नंबर जाहीर होई, वेळ मास्तर सांगत. मास्तर सांगतील तो वेळ खरा, असा पोरांचा कायदाच होता.

आणि टाचणी तर त्यांची लाडकी. शिंपीणबाईंची ही लेक, बारीक अंगाची, टोकदार जिभेची, म्हणून तिचं नाव टाचणी पडलं. आठशे मीटर पळायची. सुरुवातीला एकदा मास्तरांनी तिला खरा वेळ सांगितला. वेळ झकास होता. ती एवढी हुरळली, की सगळ्या आळीत सांगत सुटली आणि पुढचे कितीतरी दिवस मैदानावर नुसतीच मिरवली. तेव्हा मास्तरांनी ठरवलं, हिला उपाशी ठेवायचं. पुढच्या वेळी एक सेकंद वाढवून सांगितला. ती चिडली आणि वाऱ्यासारखी पळाली. मग दोन वाढवले, तीन वाढवले. पोरगी सुधारत गेली तसे वरचे सेकंदही वाढत गेले, कारण मागचं खोटं निभवायला पुढचं त्याहून मोठं लागायचं. हिशेब पार सहा सेकंदांवर आला होता. टाचणीची समजूत अशी, की आपण दोन मिनिटं सोळा सेकंदांत पळतो. पळत होती ती दोन दहाला!

"मी तेव्हाच म्हटलं होतं," बायकोने सुरू केलं, "जेवायला कधी याल विचारलं तरी तुमचा आकडा खोटा. सवयच लागलीय जिभेला!"

"आता ते राहू दे ना! डोकं चालव. पहिली फेरी बासष्ट सेकंदांत जाईल तिची. जातेच. तिला मात्र वाटतं की ती पासष्टच्या आत कधी आलेलीच नाही. तिथे समोर बासष्ट दिसलं तर काय होईल? तिला वाटेल, आपण वेड्यासारख्या सुटलो, आता दुसऱ्या फेरीत कोसळणार. आणि तिला एकदा असं वाटलं, की ती कोसळलीच म्हणून समज."

"मग जाऊन सांगा तिला."

"आत्ता? शर्यत तोंडावर असताना?"

"नाहीतर कधी, हरल्यावर?"

मास्तर उठले. आज पहिल्या दोघींची मोठ्या शिबिरासाठी निवड होणार होती. तिथे रबराची धावपट्टी, डॉक्टर, शिकलेले प्रशिक्षक, सगळं काही होतं. निवड झाली तर टाचणी जाणार, आणि पहाटेच्या मैदानावर मास्तरांना तिच्या शिव्या ऐकू येणार नाहीत. हे त्यांना कधीपासून माहीत होतं. तिला तिथे पाठवायचं म्हणून तर सगळा खटाटोप, आणि तिथवर नेऊन ठेवलेली पोर त्यांच्याच जिभेमुळे बुडायची वेळ आली होती.

स्टेडियममागच्या गवतावर टाचणी पाय मोकळे करत होती. निळ्या बनियनमधली एक उंच मुलगी तिच्या शेजारून सणसणत गेली. सगळे तिलाच पहिली धरून चालले होते.

"मास्तर, तिची टांग बघितलीत? माझ्या कमरेएवढी आहे!"

"टांग सोड. इकडे ये. एक सांगायचंय." मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. "तुझा वेळ दोन सोळा नाहीये."

"मग? अठरा?"

"दहा. दोन दहा. मी वाढवून सांगत होतो."

टाचणी हसली. मग मास्तर हसत नाहीत हे पाहून थांबली.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"म्हणजे मी त्या दिवशी बाथरूमचं दार लावून रडले, सोळाच्या खाली येत नाही म्हणून..."

"तेव्हा अकरा लागले होते."

टाचणीचं तोंड एवढंसं झालं. मग कान लाल झाले. मास्तरांना वाटलं, आता ही बूट फेकून मारणार. मारला असता तर बरं वाटलं असतं.

"का सांगताय आत्ता?"

"आत घड्याळ आहे. मोठं. पहिल्या फेरीला बासष्ट दिसेल, घाबरू नकोस. ते तुझंच आहे."

"आणि हे तरी खरं कशावरून?" ती जवळ आली. आवाज बारीक झाला होता, तिच्या नावासारखा टोचणारा. "त्या निळीला बघून माझं अवसान गळालं, ते दिसलं तुम्हाला. म्हणून फुगवताय मला. त्या भित्र्या पोरांना फुगवता तसं! मला सगळं माहितीये, मास्तर. आता तुमचं मी काय म्हणून खरं मानायचं?"

तेवढ्यात आठशेच्या मुलींना बोलावणं आलं आणि टाचणी तशीच, मागे न बघता निघून गेली.

"सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"सांगितलं नसतं तर बरं झालं असतं," मास्तर म्हणाले आणि गर्दीतून कोपर मारत थेट कुंपणाच्या जाळीला जाऊन चिकटले. घड्याळाच्या थोडं पुढे, पहिलं वळण जिथे सुरू होतं तिथे.

बार झाला!

आठ पोरी सुटल्या. काय सुटल्या! स्टेडियम एका सुरात ओरडायला लागलं. निळी पहिल्याच वळणावर पुढे घुसली आणि तिच्या पाठीला चिकटून टाचणी. रागाने पळत होती पोरगी. मास्तरांना तो राग ओळखीचा होता, तो त्यांनीच तर एवढी वर्षं सेकंद घालून घालून वाढवला होता. "अशीच! अशीच ग माझी बाय!" ते स्वतःशीच पुटपुटत होते. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर दोघी बाकीच्यांपासून सुटल्या. बायको मास्तरांच्या शर्टाची बाही धरून ओढत होती, ती उसवली तरी दोघांना पत्ता नव्हता.

पहिली फेरी संपत आली. घंटा घणघणली. निळी रेषेवरून गेली. टाचणी आली, आणि तिची मान वळली.

साठ. एकसष्ट. बासष्ट.

मास्तरांनी पाहिलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण त्यांनी पाहिलं. तिचे खांदे वर गेले. कानांपर्यंत. पाऊल जिथे पडायचं त्याच्या वीतभर अलीकडे पडलं. मागून एक लाल बनियनवाली सर्रकन पुढे गेली आणि तिच्यामागून आणखी एक. टाचणी चौथी!

"काहीतरी बोला ना! आकडा सांगा!" बायको किंचाळली.

आकडा! कुठला आकडा सांगणार? आजवर याच जागी उभं राहून त्यांनी आकडे फेकले होते आणि ती ते झेलून पळाली होती. आज सांगितलेला कुठलाही आकडा तिच्या पायात अडकला असता. ती वळणावर आली. अगदी समोर. डोळे मोठे झालेले, घाबरलेले. मास्तरांनी दोन्ही हातांनी जाळी धरली, बोटं तारांत रुतवली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले:

"घड्याळ खरं आहे! मी खोटा! मी खोटा आहे गं! मीच खोटा!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. "ऐका, हा खोटा आहे म्हणे!" मास्तरांना त्याचं काही नव्हतं. ते जाळीला धरून, तिच्या बरोबरीने, बाकं ओलांडत, लोकांच्या पायांवर पाय देत पळत सुटले होते. "मी खोटा! वर्षानुवर्षं खोटा! तू खरी आहेस, पळ!"

आणि टाचणीचे खांदे खाली आले.

बघता बघता आले. जणू कोणी वरून ओझं उचलून घेतलं. पाऊल लांबलं. पलीकडच्या पट्ट्यावर तिने एकीला मागे टाकलं. शेवटच्या वळणावर बाहेरून, लांबचा रस्ता घेऊन, लाल बनियनवालीशी खांद्याला खांदा लावला. मघाशी हसणारेच आता उभे राहून "ए बारकी! पळ बारके!" म्हणून ओरडत होते. लाल मागे पडली. निळीची पाठ जवळ आली, आणखी जवळ, हाताच्या अंतरावर, आणि तेवढ्यात शर्यत संपली. थोडी लांब असती तर! पण दुसरी. दुसरी!

"निवडली गेली! अहो, निवडली गेली आपली पोर!" बायको रडतही होती आणि पाठीत धपाटेही घालत होती. शिंपीणबाई आज मोठ्या कामामुळे येऊ शकल्या नव्हत्या, त्यांच्या वाटचंही तिनेच रडून घेतलं.

मास्तर मात्र जाळीपाशीच उभे होते. धाप लागली होती. पोरगी निवडली गेली होती, पण ती आपल्याशी पुन्हा बोलेल याची त्यांना खात्री नव्हती. शिबिराचे प्रशिक्षक टेबलापाशी उभे होते, नीटनेटके, टोपी घातलेले. त्यांनी हात करून टाचणीला बोलावलं. ती कमरेवर हात ठेवून, वाकून, श्वास घेत होती. मग सरळ झाली. त्यांना एक बोट दाखवून 'थांबा' म्हणाली आणि घड्याळाकडे पाठ करून थेट जाळीकडे चालत आली.

"आपण खोटारडे आहोत असं एवढ्या लोकांत कोणी ओरडतं का?" ती धापा टाकत म्हणाली.

"नाही ओरडत."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. आता वाटतेय."

ती आणखी जवळ आली. नाकावरून घाम ओघळत होता. मग रोज पहाटे विचारायची तसं, तोडून, हुकूम सोडल्यासारखं विचारलं:

"किती?"

मास्तरांचा हात सवयीने गळ्यातल्या स्टॉपवॉचवर गेला. त्यांनी ते उचलून पाहिलं. सगळी शून्यं. बार झाला तेव्हा बटण दाबायचंच राहून गेलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी प्रथमच एखादी शर्यत नुसती पाहिली होती.

त्यांनी मान वर केली. तिच्या डोक्यामागे, यंत्रावर, दुसऱ्या नंबरापुढे तिचा वेळ लाल आकड्यांत पेटलेला होता. अख्खं स्टेडियम तो वाचत होतं. भोंग्यातला माणूसही काहीतरी सांगत होता, पण गोंगाटात ते ऐकू येत नव्हतं. मास्तरांच्या जिभेला जुनी खाज सुटली. शिबिरात जाऊन हिच्या डोक्यात हवा गेली तर? दोन वाढवून सांगितलं तर? त्यांनी जीभ दातांखाली धरली.

"दोन मिनिटं सात," ते म्हणाले.

"वर किती लावलेत?"

"एकही नाही."

"खरं?"

"खरं."

मान जराशी वळवली असती तर तिला स्वतःला दिसलं असतं. तिने वळवली नाही. जाळीच्या भोकातून दोन बोटं आत घालून तिने मास्तरांच्या उसवलेल्या बाहीचा लोंबणारा धागा तोडून टाकला.

"आईकडे द्या हा शर्ट. शिवून देईल," ती म्हणाली आणि शिबिराच्या टेबलाकडे निघाली. तिकडे त्या टोपीवाल्यांनी तिला काहीतरी विचारलं, आणि ती न अडखळता, छाती पुढे काढून उत्तर देताना मास्तरांना दिसली. काय सांगितलं ते एवढ्या लांबून ऐकू आलं नाही, पण दोन बोटं आणि मग सात बोटं वर झालेली दिसली.

"अहो, चला," बायको बाटल्या गोळा करत म्हणाली. "पहाटे बाकीची पोरं यायचीत."

मास्तरांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि ते खिशात ठेवलं.