सदतीस अंशांवरचा संशय

विनयाचा प्रयोग नवव्या दिवशी फसला. पण ते आपल्याला माहीतच नाही असं धरून चालू. तीही दुपारपर्यंत तसंच धरून चालली.

प्रयोग साधा होता. चरबीचे अतिसूक्ष्म फुगे, म्हणजे लायपोसोम. त्यांच्या पोटात गुडघेदुखीचं औषध. आणि ते फुगे हायड्रोजेल नावाच्या जेलीत रुतवलेले. औषधाने आधी फुग्यातून निसटायचं, मग जेलीतून वाट काढायची. चौदा दिवस थोडं थोडं. तेवढा वेळ इनक्युबेटर अंगाइतका ऊबदार हवा, सदतीस अंश. चौदाव्या दिवशी आढावा. तो बरा झाला तर गुरुग्रामच्या या कंपनीत कंत्राट वाढणार, नाहीतर सामान बांधून पुणे.

आणि नवव्या दिवशी सगळं औषध एकदम बाहेर.

संशय शेजारच्या टेबलावरच्या यशोधनवर. दिल्लीच्या मयूर विहारमध्ये वाढलेला मुलगा, आणि वागायला फारच चांगला. "चाय पिणार, यार?" म्हणून विचारायचा. कारण नसताना माणूस चहा का विचारेल?

तिने नवे नमुने ठेवले आणि इनक्युबेटरच्या दारावर स्वतःचा एक केस चिकटवला. सकाळी केस तुटलेला, तापमान त्रेचाळीस. एक्केचाळीसला तिचे फुगे वितळू लागतात. नमुन्यांमागे स्टीलचा डबा होता, डब्याला माकडटोपी घातलेली. आत काहीतरी पांढरं थरथरत होतं.

"हे तुझं?" तिने यशोधनला विचारलं.

"बिल्कुल नाही. पण तुझ्या जेलीपेक्षा छान सेट झालंय."

तिने थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. जिवाणू! जिवंत, धडधाकट, संख्येने अफाट.

"घातपात आहे हा."

यशोधनने डब्यात बोट घालून चाटलं. "दही आहे."

पुरावा खाल्ल्यामुळे त्याच्यावरचा संशय आणखी वाढला. तेवढ्यात विभागप्रमुख पद्माकर सर उघड्या डोक्याने आले. ऐन जानेवारीत.

"माझी टोपी पाहिलीत? दह्यावर होती."

"सर, तापमान तुम्ही वाढवता?"

"मग काय करू? दिल्लीच्या थंडीत विरजण लागतं का घरी? त्रेचाळीसला बघा, कशा कवड्या पडतात."

"विरजण म्हणजे?" यशोधनने विचारलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"बाजारातून आणा ना, सर!"

"बाजारचं दही? आमच्या हिच्यासमोर, वासंतीसमोर? त्यापेक्षा राजीनामा देईन."

"मग माझा आढावा तरी पुढे ढकला."

"लेखी द्या. इनक्युबेटरच्या प्रभारींकडे."

"ते कोण?"

"मी. मग समितीच्या अध्यक्षांची सही लागेल."

ते कोण, हे तिने विचारलं नाही. यशोधन नुसता खोकला. ती खाली बसली आणि तिने लिहिलं:

प्रति, प्रभारी, इनक्युबेटर, तथा अध्यक्ष, आढावा समिती. विषय: दह्याच्या स्थलांतराबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आढावा चौदा दिवस पुढे ढकलावा, आणि त्या कालावधीत सौ. वासंतीवहिनींनी दही बाजारातून आणावे, ही नम्र विनंती.